मिल्काकाकू गप्प बसल्या

गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हा आमच्या आजोबांचे आजोबासुद्धा रांगत नव्हते. लहानांनो, पुढे सरका. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, तुम्हालाच जास्त गरज आहे.

समुद्रकाठच्या एका गावात यहुदी तेल्यांची काही घरं होती. सहा दिवस त्यांचे घाणे फिरत, शनिवारी बंद. त्यांची एक रीत होती. घरातलं माणूस गेलं की घरच्यांनी सात दिवस जमिनीवर बसायचं आणि दार उघडं ठेवायचं. जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, उकडलेली अंडी आणि मसूर. आणि भेटायला येणाऱ्याने आधी तोंड उघडायचं नाही. दुःखी माणूस बोलेल, मगच आपण बोलायचं.

त्या गावात बिन्यामीन तेल्याची बायको दिना तापाने गेली. बिन्यामीन भिंतीला टेकून बसला तो बसलाच. घोटभर पाणी प्यायचा, पण अन्नाला हात लावेना.

पहिल्याच दिवशी हसाजी आले. गावातले मोठे बोलके गृहस्थ! उंबरठ्यातूनच त्यांनी सुरुवात केली, "अरे, देवाची मर्जी! सुटली बिचारी. तू तरुण आहेस, दुसरी मिळेल." बिन्यामीनने तोंड भिंतीकडे फिरवलं. हसाजींना रीत ठाऊक नव्हती का? होती की! पण जीभ आवरेल तर शपथ.

शेजारच्या मिल्काकाकूंनी हे पाहिलं. आता या काकू म्हणजे काय सांगू! पहाटे डोळा उघडला की जी बडबड सुरू व्हायची, ती झोपेपर्यंत. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी त्याच्याजवळ बसणार. तो बोलेपर्यंत एक शब्द काढणार नाही."

नवरा हसला. "तू? आणि गप्प?"

"हो, मीच! पोरगा उपाशी मरेल असा."

दोन अंडी, वाटीभर मसूर घेऊन काकू गेल्या आणि समोर जमिनीवर बसल्या. संध्याकाळी भरलेली ताटली परत आणली. दुसऱ्या दिवशी ताजी नेली. तीही परत आली. तिसऱ्या दिवशी बिन्यामीनचे ओठ सुकलेले काकूंना दिसले. "खा रे बाबा," हे शब्द अगदी ओठांवर आले. त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि तशाच बसून राहिल्या. हसाजी पुन्हा दारात आले, तर काकूंनी असे डोळे वटारले की ते आल्या पावली परतले.

चौथ्या दिवशी दुपारी बिन्यामीन ताटलीकडे बघत राहिला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दिना अंडं माझ्या कपाळावर फोडायची."

काकू थोड्या पुढे सरकल्या.

"मी ओरडायचो आणि ती हसायची. काकू, तुमच्याबद्दल काय म्हणायची, ठाऊक आहे? ही बाई श्वास कधी घेते?"

काकूंना हसू फुटलं आणि त्याच दमात रडू. "अगं बाई! असं म्हणायची? अजून सांग, बाळा."

तो सांगत गेला. सांगता सांगता ढसाढसा रडला. काकूंनी अंडं उचललं, त्याच्या कपाळावर हलकेच टक् केलं, सोललं आणि हातात दिलं. त्याने ते खाल्लं.

सातव्या दिवशी सकाळी काकू म्हणाल्या, "ऊठ आता." दुखवटा संपल्याची रीत म्हणून दोघं गावाला एक फेरी मारून आले. दुसऱ्या दिवशी घाणा फिरू लागला. बिन्यामीन मधूनमधून डोळे पुसायचा, पण जेवायचा.

हसाजींनी काकूंना गाठलं. "असं काय बोललात त्याच्याशी?"

"मी बसले होते."

हसाजी पुढे कुठे भेटायला गेले की जीभ आवरायला दारातच पागोट्याचं टोक तोंडाशी धरत. गाव हसायचं, पण त्यांच्यासमोर लोक मन मोकळं करून रडू लागले होते.

तात्पर्य: दुःखी माणसाजवळ आधी बसावं, आणि बोलण्याची पहिली पाळी त्याला द्यावी.