तळातला चोर

फार फार वर्षांपूर्वी, समुद्राला माणसांशी बोलायचा कंटाळा आला नव्हता तेव्हा, उत्तरेच्या टोकाला एका खाडीकाठी कोळ्यांचं गाव होतं. चहूकडे बर्फ, पण खाडी कधी गोठत नसे. दक्षिणेकडून ऊन पाण्याचा प्रवाह वरच्या अंगाने आत येई आणि गावाला ऊब देई.

खोल सोडलेली जाळी मात्र तळाशी कुणीतरी समुद्राकडे ओढून नेई. लोक म्हणत, "तळाला चोर आहे."

गावची पाटलीण जिद्दीची बाई. ती म्हणाली, "चोराची वाटच बुजवू."

तेव्हापासून प्रत्येक होडी खाडीच्या तोंडाशी एक धोंडा टाकू लागली. बघता बघता पाण्याखाली बांध उभा राहिला. जाळी वाचली. गाव खूश झालं.

पुढच्या हिवाळ्यात खाडी गोठली. मासळी गेली. चुलीत होड्यांच्या फळ्या जळू लागल्या. पाटलिणीची तान्ही नात थंडीने निळी पडू लागली. लोक म्हणाले, "गाव सोडू." पण एवढ्या वाटेत ते बाळ टिकणार नव्हतं.

पाटलीण बर्फावरून चालत बांधापाशी गेली. तिथे बांधापलीकडच्या मोकळ्या पाण्यात एक म्हातारा देवमासा श्वास घ्यायला वर आला होता.

"बाबा, ऊन पाणी आमच्यावर का रुसलं?"

"रुसलं नाही गं, दारात उभं आहे. आत जागा कुठाय? तुम्हाला ऊब देऊन ते थंड होतं, जड होतं, तळाला बसतं आणि तळानेच परत फिरतं. ते निघतं म्हणून मागचं येतं. तुम्ही त्यालाच चोर म्हणालात आणि त्याची वाट बुजवलीत! तिकडे दक्षिणेचं पाणी उन्हात तापत पडलंय, वादळं माजलीत."

पाटलिणीने घरून लोखंडी आकडा आणि दोर आणला.

"धोंडे काढायचेत," ती गावकऱ्यांना म्हणाली.

एक जण हसला. "टाकायला तुम्हीच सांगितलंत, काढायलाही तुम्हीच! उद्या समुद्र उपसायला लावाल."

"चूक माझी, म्हणून पहिला धोंडा मी काढते. तू हस खुशाल, पण हसता हसता दोर तरी धर."

तिने बर्फ फोडला, आकडा सोडला. तळहात सोलवटले. ती चिंध्या बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिली. दोर धरणाऱ्याचं हसू कधीच थांबलं होतं. मग बायका आल्या, मग सारं गाव आलं.

शेवटी बांधाला खिंडार पडलं. गार पाणी घोंघावत बाहेर निघालं. थोड्या दिवसांत बर्फाला तडे गेले, खाडीवर वाफ तरंगू लागली, मासळी उसळू लागली. पाटलीण नातीला घेऊन काठावर आली. बाळाने ऊबदार वाऱ्यात मूठ उघडली आणि आजीचं बोट घट्ट धरलं. गाव कुठेही गेलं नाही.

तात्पर्य : जाणाऱ्याची वाट अडवली, की येणाऱ्याचीही वाट बंद होते.