परतावा

कागलच्या एमआयडीसीत पत्र्याचे भाग दाबून काढणारा एक कारखाना होता. त्याचे मालक घोरपडेसाहेब यांना एका शब्दाचं भारी वेड. कुणी साधा पंखा मागितला तरी ते विचारायचे, "परतावा किती?" फाटकावर मात्र त्यांनी चेहरा ओळखणारा एआय कॅमेरा हौसेनं बसवून घेतला होता. साहेबांची गाडी दिसली की तो गोड आवाजात म्हणायचा, "सुप्रभात, मालक." त्याचा परतावा विचारायची कुणाची छाती नव्हती.

परवा कामगार महादूचा हात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली जाता जाता वाचला. सुरक्षा अधिकारी निलोफर मुजावरनं लगेच मागणी केली, की हात आत दिसताच प्रेस थांबवणारा एआय कॅमेरा हवा. साहेबांनी सगळ्यांना जमवलं आणि खुर्चीत रेलून म्हणाले, "मॅडम, पाल्हाळ नको. परतावा सांगा, तोही एका वाक्यात."

निलोफर याचीच वाट बघत होती.

"सांगते, साहेब. सकाळी दोन हात घेऊन आलेला माणूस संध्याकाळी दोन्ही हातांनिशी घरी परतावा."

मागच्या रांगेत खसखस पिकली. साहेबांचे कान लाल झाले.

"शब्दांचे खेळ पुरे. खर्चाचं काय?"

"खर्च कसला? फाटकावरचा कॅमेरा परत घेऊन त्याच्या बदल्यात प्रेसचा द्यायला कॅमेरा विकणारा तयार आहे," निलोफर अगदी नम्रपणे म्हणाली. "आणि तुम्हाला ओळखायला यंत्र कशाला, साहेब? आम्ही सगळे तुम्हाला चांगलेच ओळखून आहोत."