हा कुत्रा माझा आहे

पूर्वी कुंदपूर नगरात महीधर नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथे सार्थवाहाच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव क्षेमक. व्यापाऱ्यांच्या बैलगाड्यांचा तांडा रानावनांतून सुखरूप पलीकडे नेणे हे सार्थवाहाचे काम. क्षेमक ते इतके जपून करी, की त्याच्या तांड्यातला बैलसुद्धा कधी लंगडला नाही, असे लोक म्हणत.

एवढा सावध माणूस एकाच बाबतीत ढिला होता, आणि ती बाब म्हणजे त्याचा कुत्रा. रंगाने तांबडा, म्हणून नाव तांबू. तांडा परत आला आणि बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या, की तांबू अंगणातून सुसाट सुटे, पहिल्या गाडीच्या चाकाशी भुंकत नाचे आणि वाजतगाजत तिला दारापर्यंत घेऊन येई. हे त्याला क्षेमकानेच पिल्लूपणी शिकवले होते. धावून गेला की गुळाचा खडा मिळे. पुढे पुढे तांबू कुणाचीही घुंगरमाळ ऐकली की धावू लागला.

शेजारी म्हणत, "अहो, बांधा त्याला."

क्षेमक हसून म्हणे, "तो काही करत नाही हो. खेळकर आहे."

कुत्रा पाळणाऱ्या माणसाला आपल्या कुत्र्याची जेवढी खात्री असते, तेवढी स्वतःचीही नसते. बोधिसत्त्व झाला तरी त्या जन्मी तो कुत्रा पाळणारा माणूसच होता.

उन्हाळ्याचे दिवस होते. राजाने त्या वर्षी समुद्रकाठच्या दूरच्या बंदराला पहिला तांडा पाठवायचे ठरवले होते आणि त्याचा मान क्षेमकाला दिला होता. लहानपणापासून त्याने समुद्र पाहण्याची इच्छा धरली होती. निघायच्या आदल्या सकाळी तो अंगणात गाड्यांचे दोर तपासत होता, आणि त्या गडबडीत फाटक उघडे राहिले. ते उघडे टाकले होते त्यानेच.

नेमका त्याच वेळी सोमिल कुंभार माठांनी भरलेली गाडी घेऊन क्षेमकाच्या घरासमोरचा उतार उतरत होता. कुंभाराचे वर्ष उन्हाळ्यावर चालते. लोकांना तहान लागली तर त्याच्या घरात चूल पेटते. घुंगरमाळ वाजली आणि तांबू बाणासारखा बाहेर पडला. चाकाशी जाऊन तो आनंदाने भुंकू लागला. बैल नवखे होते, ते बुजले. गाडी उतारावर आडवी झाली आणि कलंडली. माठांचा चुरा झाला आणि सोमिलचा पाय जुवाखाली सापडून मांडीत मोडला.

क्षेमक धावत आला. सोमिल ओरडत नव्हता. तो फुटक्या खापरांकडे पाहत होता. तांबू शेपटी हलवत क्षेमकाकडे आला आणि गुळाची वाट पाहत उभा राहिला.

दुपारी पंच बसले. कुंदपुरात एक जुना रिवाज होता. पाळलेल्या जनावराने कुणाला इजा केली, तर मालकाने पंचांपुढे सुरीने त्याच्या गळ्यातली दोरी कापायची आणि म्हणायचे, 'हे माझे नव्हे.' एवढे केले की मालक सुटला. ते जनावर कुणाचेच राहत नसे, आणि जे कुणाचेच नाही त्याने केलेल्या नुकसानीचा जाब कुणालाच विचारता येत नसे. मग लोक त्या जनावराला धोंडे मारून संपवत. जखमी माणसाने आपल्या नशिबाला बोल लावायचा. सगळेच असे करीत, म्हणून त्यात कुणाला वावगे वाटत नसे.

दोरी कापायची नसेल, तर दुसरी वाट होती. पण तिच्यावरून कुणी गेल्याचे कुणाच्या आठवणीत नव्हते. जखमी माणूस स्वतःच्या पायांनी पंचांपुढे येईपर्यंत मालकाने वेस ओलांडायची नाही, त्याचे काम आपल्या हातांनी करायचे, आणि शेवटी तो जो निवाडा मागेल तो मान्य करायचा.

क्षेमकाचा मेहुणा बलाक त्याच्या कानाशी लागला. "दाजी, कापा नि मोकळे व्हा. उद्या पहाटे निघायचंय. एका कुत्र्यापायी समुद्र सोडणार का तुम्ही?"

क्षेमकाने सुरी हातात घेतली. त्याचे मन समुद्राकडे गेले नाही, असे म्हणणे खोटे होईल. त्याने तांबूच्या गळ्याशी हात नेला. तांबूला वाटले, मालक मान खाजवतो आहे. त्याने हनुवटी वर केली आणि सुखाने डोळे मिटले.

क्षेमकाने सुरी खाली ठेवली.

"पंचहो," तो म्हणाला, "हा कुत्रा माझा आहे. चाकापुढे धावायला मी त्याला शिकवलं. फाटक मी उघडं टाकलं. शेजाऱ्यांचं मी ऐकलं नाही. यानं माझी आज्ञा पाळली, एवढाच याचा गुन्हा. दोरी कापायची तर माझ्यात नि माझ्या चुकीत असलेली कापावी लागेल, आणि ती काही या सुरीनं कापता येणार नाही."

दुसऱ्या पहाटे तांडा बलाकाच्या मागून वेशीबाहेर पडला. क्षेमक तांबूला घट्ट दोरीने धरून उभा राहिला आणि शेवटच्या गाडीची धूळ खाली बसल्यावर कुंभारवाड्याकडे वळला.

सोमिल खाटेवर पडला होता. हाडवैद्याने पायाला कामट्या बांधल्या होत्या. क्षेमकाला पाहून त्याने तोंड भिंतीकडे केले. "धान्य आणलं असेल तर परत न्या. मला धान्य नको. माझी माती वाळून चाललीय."

"मग माती तुडवायला आलोय," क्षेमक म्हणाला.

सोमिलची बायको रेवती त्याला खड्ड्याशी घेऊन गेली. "राख मिसळून तुडवायची, दादा. खडा लागेनासा झाला पाहिजे. पण तुमचे पाय चालणाऱ्याचे आहेत, तुडवणाऱ्याचे नाहीत."

तिचे म्हणणे खरे ठरले. क्षेमकाने मातीचा नुसता चिखल करून ठेवला. पहिला माठ चाकावर बसकण मारून मोकळा झाला, दुसऱ्याला तोंडच नव्हते. खाटेवरून सोमिल म्हणाला, "वा! याच्यात पाणी राहणार नाही, पण बेडूक राहतील." रागात असला तरी त्याला बोलल्यावाचून राहवले नाही, आणि बोलता बोलता शिकवल्यावाचूनही. हळूहळू माती मऊ होऊ लागली. रेवती चाक सांभाळी, क्षेमक माती आणी, सरपण वाही, भट्टीचा आवा लावी, आणि भाजलेले माठ डोक्यावर घेऊन पेठेत जाई. एके काळी राजासमोर बसणारा सार्थवाह माठांची पाटी डोक्यावर घेऊन चालताना पाहून लोक हसत. तोही हसे, पण मान हलवता येत नसे.

संध्याकाळी काम आटोपले की तो दुसरे काम हाती घेई. सोमिलच्या दारावरूनच गाडीवाट जात होती. तिच्या कडेला तो तांबूला घेऊन बसे. घुंगरमाळ वाजली की तांबूचे सर्वांग ताठ होई. क्षेमक त्याला जवळ ओढून पाठीवर हात ठेवी आणि गाडी जाईपर्यंत तसाच बसे. दोरी ओढायची नाही, मारायचे नाही, ओरडायचे नाही. गाडी गेली की गुळाचा खडा. जे हौसेने एका दिवसात शिकवले होते, ते विसरायला लावता लावता उन्हाळा सरत आला.

सोमिल खाटेवरून हे सारे बघत असे. तांबूचे नाव काढले तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडत. एकदा मात्र त्याने विचारले, "थरथरतो कशाला तो?"

"त्याला धावायचंय."

"मग धावत का नाही?"

"माझा हात आहे ना पाठीवर."

दुसऱ्या दिवशी क्षेमक आवा पेटवण्यात गुंतला असताना वाटेवर गाडी वाजली. तांबू दाराशी, खाटेजवळ, एकटाच बांधलेला होता. क्षेमक धावत आला, तर तांबू खाटेखाली शिरून बसला होता, आणि सोमिल खाली वाकून, मोडका पाय सांभाळत, त्याच्या पाठीवर हात ठेवून होता. "उगाच घाबरलं बिचारं," तो ओशाळून म्हणाला. "बैल बघून नव्हे. तुम्ही दिसला नाहीत म्हणून."

क्षेमकाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने ते धुराचे आहे असे भासवले.

पावसाळा संपता संपता सोमिल काठी टेकत, स्वतःच्या पायांनी पंचांपुढे आला. पाय जुळला होता, पण पहिल्यासारखा झाला नव्हता. थोडे लंगडणे कायमचे राहिले, आणि क्षेमकाला ते जन्मभर लागून राहिले. पंचांनी विचारले, "सोमिल, तुझा निवाडा माग. कुत्र्याचा जीव मागितलास तरी तुझा हक्क आहे."

क्षेमकाने तांबूला पुढे केले.

"पंचहो," सोमिल म्हणाला, "या माणसानं त्या दिवशी दोरी कापली असती, तर कुत्रा मेला असता, माझं घर बुडालं असतं, नि हा समुद्राकाठी उभा राहून सुखानं जेवू शकला नसता. तुमच्या रिवाजानं तिघं मरतात नि तुम्ही म्हणता, कुणाचंच काही गेलं नाही. मला निवाडा हवा तो एवढाच. ती सुरी कुणाच्या तरी घरी भाजी चिरायला देऊन टाका." मग तो जरा घुटमळला. "आणि याला संध्याकाळी माझ्या खाटेपाशी बसायची सवय लागलीय. ती मोडू नका."

पंचांनी सुरी देऊन टाकली. त्या दिवसापासून कुंदपुरात जनावराचा धनी जनावराच्या चुकीचाही धनी झाला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा विहारात सांगितली, तेव्हा समोर पूर्णक नावाचा गृहपती बसला होता. त्याच सकाळी त्याचा कुत्रा रस्त्यात आडवा धावला होता. एका गाडीचे बैल बुजले आणि भिक्षेला निघालेले वृद्ध भिक्खू धम्मिक खाली पडून त्यांचा हात मोडला होता. लोक जमले, तेव्हा पूर्णक म्हणाला होता, "कुत्रा माझा नाही. नुसता दारात बसतो."

शास्ते म्हणाले, "तेव्हाचा सोमिल म्हणजे आजचे धम्मिक. रेवती म्हणजे त्यांच्या हाताला लेप लावणारी उपासिका चित्रा. सार्थवाह क्षेमक मी होतो."

पूर्णकाने खाली मान घालून विचारले, "आणि तांबू, भगवंत?"

शास्त्यांनी त्याच्याकडे फार मायेने पाहिले. "तांबू तू होतास, पूर्णका."

पूर्णक उठून सभेतच बसलेल्या धम्मिकांच्या पायाशी बसला. "भन्ते, कुत्रा माझाच आहे. तुमचा हात बरा होईपर्यंत भिक्षापात्र मी उचलीन." एवढे बोलून तो घाईने दाराकडे निघाला. "तो बाहेर उन्हात बसला असेल," तो जाता जाता म्हणाला. "सकाळपासून मी त्याला हाकलतोय, तरी माझ्या मागेच येतो."

आपले ते आपले म्हणण्याचे हे बळ म्हणजेच सत्य-पारमिता, सत्याची परिपूर्णता.