नातालमायचा सुटलेला टाका

बसा, ऐसपैस बसा. फार वर्षांपूर्वी, आपल्या पाणबुरूज किल्ल्यातल्या तोफांना अजून गंज चढला नव्हता तेव्हा, खाली गावात नातालमाय राहायची. उशीवर टाचण्या टोचायच्या, दोरा गुंडाळलेल्या लाकडी कांड्या उलटसुलट फिरवायच्या आणि लेसची जाळी विणायची, हे तिचं काम. ती जाळी डोक्यावर घेतल्याशिवाय गावातली एकही नवरी आपल्या किरिस्तावांच्या देवळात पाऊल टाकत नसे. तिची जाळी दाराला लावली की वारा बाहेरच उभा राहायचा, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण खोटं म्हणणाऱ्यांनीही पाहिलेलं नाही.

नातालमायला मूलबाळ नव्हतं. डोळ्यांत धुकं उतरायला लागलं तसा तिचा जीव खालीवर होऊ लागला. आपण गेलो की जाळीही गेली. ती दारोदार फिरली, म्हणाली, पोरी पाठवा, शिकवते. कोण पाठवतंय? त्या कामाने डोळे जातात, हिचेच बघा ना, असं म्हणत लोकांनी तिला पेज पाजली आणि वाटेला लावलं.

मग माय हट्टाला पेटली. तिने पेटीतून लग्नातलं लाल लुगडं काढलं, कानांत काप घातले, उशी काखेत मारली आणि किल्ल्याच्या दरवाजात जाऊन विणत बसली. सगळं गाव भाजी-मासळी घेऊन त्याच दरवाजातून जायचं. म्हातारीला पुन्हा नवरी व्हायचंय, म्हणून बाया पदराआड हसल्या. हसायला का होईना, थांबल्या. तेच तर तिला हवं होतं.

नाताळाच्या तोंडावर आठ दिवस माय बसली. हसून हसून बाया कंटाळल्या आणि आपापल्या कामाला लागल्या. उरली एकटी सिसील. परगावाहून नुकती लग्न होऊन आलेली, भाजी विकणारी. ती टोपली उतरवून रोज समोर बसायची. मायला दिसायचं कमी आणि ती बोलायचीही कमी, त्यामुळे सिसील नुसती बघून बघून शिकली आणि रात्री घरच्या उशीवर तसंच विणू लागली.

शेवटच्या संध्याकाळी मायच्या जाळीचा कोपरा वळवायचा राहिला. जाळीत सगळ्यात अवघड तेच. आणि सूर्य तर समुद्राला टेकलेला. दिवस मावळला की मायला काही म्हणजे काही दिसत नसे. तिने सूर्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "थांब रे बाबा जरासा." आणि तो थांबला. कोपरा वळेपर्यंत सूर्य जागचा हलला नाही, असं म्हणतात. देवळात सांजेची घंटा वाजवणारा हातात दोर धरून तिष्ठत राहिला.

सिसीलने आपली जाळी मायच्या हातात दिली. मायची बोटं किनारीवरून सरकत गेली आणि एका जागी अडली.

"बाय, हे भोक कसलं?"

"तूच ठेवतेस ना माय? दर सातव्या फुलाच्या पोटात. मी मोजून ठेवलंय."

मायने स्वतःची जाळी चाचपली. तिथेही टाका सुटलेला होता. कधीपासून सुटत होता कोण जाणे. किती नवऱ्या ते भोक डोक्यावर घेऊन देवळात गेल्या, पण एकीलाही ते दिसलं नव्हतं. मायच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सिसील घाबरली.

"चुकलं का माय? उसवू?"

"नको. माझ्या हातांकडे इतकं निरखून आजवर कुणी बघितलं नव्हतं. देव तुझं भलं करो, पोरी."

आणि मायने आपली उशी सिसीलच्या मांडीवर ठेवली. तेव्हा कुठे दिवस मावळला.

अजूनही दर वर्षी नाताळाच्या आधी आठ दिवस गावातल्या बाया लाल लुगडी नेसून, काप घालून, उशा घेऊन किल्ल्याच्या दरवाजात बसतात. शाळेची पोरं बघायला येतात, पर्यटक फोटो काढतात. एखादी जाणकार बाई वाकून सांगतेच, "इथं चुकलंय हो तुमचं." बाया मान वर करत नाहीत. "ते मायचं आहे," एवढंच म्हणतात. सातव्या फुलाशी आल्या की टाका सोडतात, त्या भोकाला बोट लावून ओठांना टेकवतात, आणि मग पुढचं फूल धरतात.