पुरात अडकलेला नावाडी

एका गावात एक म्हातारी आणि तिचा मुलगा राहत होते. गाव साधंच, पण तिथे एक गमतीची समजूत होती. गोष्ट अर्धी सोडली की गोष्टीतला माणूस तिथेच अडकून पडतो, असं सगळे मानत. म्हणून हातातलं पुस्तक संपेपर्यंत कुणी दुसरं घरात आणत नसे. वाचन थांबलेल्या पानात मोरपीस घालायचं, पुस्तक भिंतीतल्या देवळीत दिव्याशेजारी ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा उघडायचं.

म्हातारीचे डोळे गेले, तेव्हापासून मुलगा तिला वाचून दाखवी. गोष्ट एका नावाड्याची चालली होती. नाव पुरात भरकटली होती आणि त्याची बायको काठावर कंदील धरून उभी होती. तिथे त्या दिवशी मोरपीस घातलं.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी गावात आरसेवाला आला. मेल्याचा आरसा जादूचा! बोट फिरवलं की नवा तमाशा. "पैसे नकोत, फक्त बघत राहा," म्हणाला. मुलाने लगेच घेतला.

"वाचतोस ना रे बाळा? तो बिचारा पाण्यात आहे," म्हातारी म्हणाली.

"हो आई, एवढं बघून होऊ दे."

एवढं बघून कधी कुणाचं होतं का? पावसाळा सरला, थंडी सरली. म्हातारी रोज विचारी, तो रोज "उद्या नक्की" म्हणे. पुढे पुढे तर नुसतं "हं". देवळीत दिवाही लागेनासा झाला. आरशाचा उजेड होता ना घरात!

शेवटी म्हातारीने अंथरूण धरलं. "पोरा, एवढं सांग, तो घरी पोचला का? म्हणजे मी सुखाने डोळे मिटते."

आता कुठे मुलाला लाज वाटली. धावत जाऊन त्याने पुस्तक काढलं. वाळवी खालून लागली होती. शेवटच्या पानापासून थेट मोरपिसापर्यंत नुसता भुगा. वाचणार काय, कपाळ?

तरी त्याने पान उलटल्यासारखं केलं. "पोचली गं आई! राजकन्या सुखरूप घरी पोचली. राजाने गावभर पेढे वाटले."

म्हातारी म्हणाली, "राजकन्या कुठली रे? गोष्ट नावाड्याची होती. तूच तर वाचत होतास."

मुलाला काही म्हणता काही आठवेना. एवढे तमाशे पाहिले होते, त्यात नावाडी कधीच वाहून गेला होता. म्हातारीने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती गेली.

मग मुलगा घरोघर हिंडला. "अहो, त्या नावाड्याचं पुढे काय झालं हो?" दारादारात माणसं आरसे घेऊन बसली होती.

"कोण नावाडी?" सगळी म्हणाली, आणि मानही वर केली नाही कुणी.

तात्पर्य: वाचायचं ते उद्यावर टाकू नये. वाळवी पुस्तकाला लागते तशी डोक्यालाही लागते, आणि ऐकायला बसलेलं माणूस काही जन्मभर बसून राहत नाही.