बाबा गंभीर झाले

"…म्हणजे आता या वयात मी माकड व्हायचं का, बाबा?"

नदीकाठच्या तकियात, आपल्या झोपडीपुढच्या चिंचेखाली, नूरशहा फकीर बसले होते. विचारणारे अनंतराव रेणापूरकर, जिल्ह्याच्या दैनिकात एकतीस वर्षं बातमीदार. भल्याभल्यांना घाम फोडलेला माणूस. आज घाम त्यांच्याच कपाळावर होता.

"माकड हो म्हणून कोण म्हणालं?"

"आमचा नवा संपादक. स्वतःचा अग्रलेखसुद्धा वाचत नसेल! म्हणतो, लोक आता वाचत नाहीत, बघतात. उद्यापासून कॅमेऱ्यासमोर उभे राहा आणि चाळीस सेकंदांत बोला. नाहीतर राजीनामा द्या. पाच वाजेपर्यंत उत्तर हवंय."

"मग दे की."

"काय देऊ? पलीकडच्या गावचा पूल वाहून गेला, तेव्हा मी सात दिवस सात भाग लिहिले. ठेकेदार, सिमेंट, खोट्या सह्या… सगळं बाहेर काढलं. साधं पान हललं नाही! मग गावातल्या कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला. दप्तरं डोक्यावर घेऊन पोरी पाण्यातून चालल्यात, बस्स. बारा लाख लोकांनी बघितला. त्यानंतर आठव्या दिवशी पूल मंजूर! मग एकतीस वर्षं मी काय केलं, बाबा?"



भाकरी घेऊन आलेली सोजरबाई बाजूलाच बसली होती. ती पलीकडच्याच गावची.

"सात दिस लिवलं व्हतं? आमाला कुणी सांगितलंच न्हाई ओ, सायेब."

रेणापूरकरांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"लिहिणं मोठं की दाखवणं? बाबा, एवढंच सांगा."

सवयीनं त्यांनी खिशातून वही काढली. पेनाचं टोपण दातांत धरलं. मान खाली घातली आणि वाट पाहू लागले…

फकिरांनी जीभ बाहेर काढून त्यांना वेडावून दाखवलं.

सोजरबाईनं पदर तोंडाला लावला.

पेन चालू होतं.

"काय लिहिलंस?"

"'बाबा गंभीर झाले.'"

सोजरबाईला आता हसू आवरेना. "अवं सायेब, जीभ दावली त्यांनी तुमाला!"

रेणापूरकर कानापर्यंत लाल झाले. वहीतली ओळ त्यांनी खोडली. मग खोडलेल्या ओळीकडेच बघत राहिले.

"म्हणजे… बघायला हवं होतं. म्हणजे तो पोरगेला संपादकच खरा."

"मी असं म्हटलं?"

"मग काय म्हटलंत?"

"वही ठेव खिशात. आता नुसतं बघ. सोजर, नातीचं सांग याला."

सोजरबाईनं सांगितलं. शाळेतून येताना पोरीचा पाय कसा घसरला. दप्तर कसं गेलं. धारेत फिरणाऱ्या पोरीला कुणीतरी वेणीला धरून कसं ओढलं. पाणी कुठवर होतं ते दाखवताना तिचा हात छातीपाशी आला आणि तिथंच थांबला.

रेणापूरकर एकटक बघत होते. बोटांच्या भेगा. छातीपाशी थांबलेला हात. त्यांचे डोळे भरून आले.

"बघितलंस?"

"सगळं."

"पोरीचं नाव?"

"…"

"कितवीत आहे?"

"…"

"सांगितलं नाही का तिनं?"

"दोनदा सांगितलं," सोजरबाई म्हणाली. "केशर. सातवीत हाय."

एकतीस वर्षांत रेणापूरकरांकडून नाव कधी सुटलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप वहीकडे गेला.

"म्हणजे लिहायलाच हवं!"

"मी असं म्हटलं?"

"बाबा, तुम्ही मला वेडं करणार. बघितलं तर नाव जातं, लिहिलं तर तोंड दिसत नाही. आणि मी इतकं लिहून जे झालं नाही, ते त्या व्हिडिओनं करून दाखवलं. पूल तर झाला ना?"

"कुठं झालाय?" सोजरबाई म्हणाली.

"मंजूर झालाय की."

"मंजूर झालाय. चार म्हैने झाले. एक धोंडासुदिक पडला न्हाई."

"चार महिने? आणि कुणी बातमी…"

रेणापूरकर मध्येच थांबले.

"तू गेला होतास?" फकिरांनी विचारलं.

"…नाही."

"का?"

"राग आला होता."

"कुणाचा?"

"बघणाऱ्या त्या बारा लाखांचा."

"आणि ते बारा लाख?"

उत्तर सोजरबाईनं दिलं. "त्येबी कुणी आलं न्हाई."

खिशातला फोन वाजला. संपादकाचा होता. वाजून वाजून बंद झाला. लगेच पुन्हा वाजू लागला.

सोजरबाईनं रिकामी दुरडी उचलली. ती नदीच्या उताराकडे निघाली.

"बाबा, पाच वाजले. काय सांगू त्याला? लिहितो म्हणू, की बोलतो म्हणू?"

फकीर पाण्यात शिरणाऱ्या सोजरबाईकडे बघत होते.

"बूट काढ," ते म्हणाले. "आज पाणी मांडीएवढं आहे."