सुभानाची इर्जिक

येरळेच्या काठी पिंपळसोंड नावाचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला भैरोबाचं देऊळ, आणि त्या देवळाच्या ओवरीत सोनगीर महाराजांचा मुक्काम असे. अंगावर एक घोंगडी, बोलणं मोजकं, आणि गावातल्या प्रत्येक बैलाचं नाव तोंडपाठ! संध्याकाळी रानातून परतणारी माणसं ओवरीपाशी घटकाभर टेकत. महाराज आधी बैलाची चौकशी करत, मग माणसाची. ते दिवस पाहिलेली माणसं आता गेली, पण त्यांनी सांगितलेली ही गोष्ट आमच्या भागात अजून मायेनं सांगितली जाते.

थोरल्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, या गावातली आणि आसपासच्या वाड्यांवरची सहा पोरं एकाच पलटणीतून बसऱ्याकडे गेली. परत आला तो एकटा सुभाना, आणि तोही एक पाय तिकडे ठेवून. गुडघ्याखाली लाकडी पाय बांधून त्याने संसाराला सुरुवात केली. बायको चांगुणा औत धरी आणि हा बांधावरून बैलांना हाकारी, कारण लाकडी पाय नांगरलेल्या ढेकळांत रुतून बसे. माळाच्या तुकड्यावर काही वर्षं कशीबशी निघाली. पण पोरं वाढली, त्यांची भूकही वाढली. नदीकाठचं काळं रान बापाच्या मागे पडीक पडलं होतं. ते यंदा उठवलं तर गावात राहायचं, नाहीतर चंबूगबाळं आवरून मुंबईची वाट धरायची, असं नवराबायकोने ठरवलं.

कुंद्याच्या चिवट तणाने गच्च भरलेलं रान एका बैलजोडीला थोडंच उठणार? तेव्हा सुभानाने इर्जिक घातली. आता ट्रॅक्टर येतो आणि चहा निवायच्या आत रान उलथून जातो, म्हणून नव्या पोरांना इर्जिक म्हणजे काय ते सांगावं लागतं. ज्याचं काम अडलं त्याने गावाला जेवण सांगायचं, आणि जेवणाऱ्यांनी आपापले बैल घेऊन त्याचं रान नांगरून द्यायचं. अन्न खाल्लं की औत धरायचं, एवढीच रीत. काय सुंदर दिवस होते ते! नांगरणाऱ्यांच्या हाळ्या दोन-दोन कोसांवर ऐकू येत आणि ऐकणाऱ्याचेही पाय तिकडे वळत.

पण सुभानाच्या इर्जिकीच्या आड हैबतराव पाटील आले. त्यांचा थोरला मुलगा बयाजी त्या सहांतला एक. सरकारने तो बेपत्ता असल्याचं कळवलं होतं आणि पाटील त्या एका शब्दाला धरून बसले होते. सुभाना मात्र रोज जेवायला बसला की आधी पाच सोबत्यांच्या नावाने पाच घास बाजूला काढी, मग पाखरांना घाली. हे पाटलांच्या डोळ्यांत कुसळासारखं सलत होतं. इर्जिकीच्या आदल्या दिवशी त्यांनी सुभानाला चावडीपुढे अडवलं.

"काय रं लंगड्या, जित्या पोरांच्या पोटाला न्हाई आन मेलेल्यांच्या पंगती घालतोस?"

बसलेली माणसं हसली.

"माझा बयाजी जिता हाय," पाटील पुढे म्हणाले. "त्येच्या नावाचा घास उद्यापासनं बंद. मग बघ, समद्या गावाचे बैल तुझ्या रानात उभं करतो. न्हाईतर एक खूरसुदीक बांध वलांडनार न्हाई."

सुभाना तिथून थेट ओवरीत गेला. महाराज एका वासराच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसले होते.

"महाराज, एक घास कमी केला तर माझी पोरं गावात ऱ्हात्यात," तो म्हणाला. "पन बयाजी माझ्या मांडीवर गेला. त्याला एकट्याला पंगतीतनं कसा उठवू?"

"बापाला सांगितलंस का हे?" महाराजांनी विचारलं.

"सांगाया गेलतो. त्येंनी दारातनं हाकललं."

महाराजांनी वासराच्या कानामागची आणखी एक गोचीड काढून टाकली. मग म्हणाले, "नको उठवूस. उद्या स्वयंपाक मात्र सगळ्या गावाचा कर."

दुसऱ्या दिवशी चांगुणाने पुरणपोळीचा बेत केला. बांधावरच्या बाभळीखाली पत्रावळी मांडल्या. दिवस वर आला, डोक्यावर आला, तरी गावाकडून कुणी फिरकेना. चांगुणाने पदर डोळ्यांना लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, भांडी झाका. आपलं हितलं अन्नपानी सरलं."

तेवढ्यात महाराज घोंगडी सावरत आले आणि पत्रावळीपुढे बसले. "सुभाना, तुझे घास काढ," ते म्हणाले.

सुभानाने पाच घास काढले. बयाजीचा घास ठेवताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"इर्जिकीचं अन्न खाल्लं की औत धरायचं, हीच ना रे रीत?" महाराज म्हणाले. "मग तुझं अन्न खाल्लेली माणसं काय थोडी आहेत? इतकी वर्षं जेवतायत. आज त्यांना बोलाव."

सुभानाने एकेकाचं नाव घेतलं. शेवटचं नाव घेतलं आणि नदीकडून धुळीचा लोट उठला. बघता बघता रान दिसेनासं झालं, आणि त्या धुळीतून बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि नांगऱ्यांच्या हाळ्या येऊ लागल्या.

हाळ्या गावात ऐकू गेल्या. आपला शब्द कुणी मोडला म्हणून पाटील तरातरा रानाकडे निघाले आणि मागोमाग गाव निघालं. पाटील बांधावर चढले. धुळीत पांढऱ्याशुभ्र बैलांचे नांगर चालले होते. नांगरांमागे पाच तरणे गडी, तोंडं नीट दिसत नव्हती. चार गड्यांनी उजव्या हाताने नांगराची मूठ, रुमणं धरलेलं. पाचव्याचा डावा हात रुमण्यावर होता आणि नांगरलेल्या तासाच्या टोकाला बैल वळवताना तो खांदा जरासा पाडत होता. त्या डाव्या हातावर लहानपणी पाटलांनी किती फटके मारले होते, तरी पोराची सवय गेली नव्हती.

"बयाजी," पाटलांच्या तोंडून निघालं.

गड्याने मान वळवली. क्षणभर बापाकडे पाहून तो हसला आणि पुन्हा बैलांमागे चालू लागला. मग धूळ खाली बसली. रानात माणूस नव्हता की बैल नव्हता, नुसते ओल्या मातीचे काळेभोर तास एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत पडले होते.

गाव हात जोडून उभं राहिलं. पाटील तासात उतरले, तिथली माती मुठीत घेतली आणि बाभळीखाली आले.

"महाराज, माझं पोर आलं हुतं," ते म्हणाले.

"देवाच्या पलटणीतही रजा मिळते," महाराज हळूच म्हणाले. "सोबत्याचं काम होतं, म्हणून मिळाली असेल."

पाटील सुभानाकडे वळले. इतक्या वर्षांत जे विचारायला ते भीत होते, ते त्यांनी आता विचारलं. "जाताना पानी मिळालं का रं त्याला?"

"मिळालं, पाटील. म्या पाजलं. तुमचंच नाव घेत हुता."

पाटील महाराजांच्या पायांवर वाकायला गेले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथं नको," महाराज म्हणाले. "पोराने शेवटचं डोकं जिथं ठेवलं, तिथं ठेव."

सुभाना लाकडी पाय पुढे पसरून मातीतच बसला होता. हैबतराव पाटलांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं, त्याच्यापुढे गुडघे टेकले आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. सुभाना त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि चांगुणाने झाकलेली भांडी उघडून सगळ्या गावाला वाढायला घेतलं.